चांगुनाकाकीचं मेण

आमच्या कारखान्याच्या सत्यनारायणाला दोन गोष्टी हमखास व्हायच्या. प्रसादाचा शिरा दुसऱ्या पाळीच्या लोकांना कधी पुरायचा नाही आणि संध्याकाळच्या ऑर्केस्ट्रात सतीश सामंतची इलेक्ट्रिक गिटार किंचाळायची. शिऱ्याबद्दल युनियनने तक्रार तरी केली होती. गिटारीबद्दल कुणाकडे तक्रार करायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. एरवी खरेदी खात्यात मान खाली घालून बसणारा माणूस, पण माईक हातात आला की माझ्या अंगात यायचं. गिटार किंचाळली की मी लगबगीने पुढे होऊन म्हणायचो, "रसिकहो, ही कलाकाराच्या अंतःकरणातली वेदना आहे!" लोक हसायचे, टूलरूममध्ये फिटर असलेला सतीश दातओठ खायचा आणि गाणं पुढे सरकायचं.

ऐंशी साल उजाडलं होतं की उजाडायचं होतं, ते आता आठवत नाही. त्या वर्षी माझा हा ठेवणीतला विनोद ओठांवर आला आणि तिथेच राहिला, कारण बायकांच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"बंद कर रं! तिचा पोट दुखतंय न तू आनखी नाचवतंस तिला!"

चांगुना म्हात्रे. आमच्या वाइंडिंग खात्याची सुपरवायझर. बुटकी, रुंद बांध्याची, चापून नेसलेलं लुगडं, त्यावर कंपनीचा निळा एप्रन आणि अंबाड्यात खोचलेल्या पिना. नेरूळच्या खाडीकाठच्या गावातली. नवं शहर वसवायला गावाची जमीन गेली, तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळेल असं सांगण्यात आलं होतं. बहुतेक घरांतून पुरुष गेले. म्हात्र्यांच्या घरातून चांगुना आली. सगळे तिला काकी म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. ती मात्र सगळ्यांना, मॅनेजरसकट, अरेतुरे करायची.

ती स्टेजवर चढली. सतीशच्या हातातली गिटार तिने घेतली नाही, फक्त वाकून बघितली. मग करंगळीच्या नखाने तारांखालच्या पट्टीवर टिचकी मारली. स्पीकरमधून 'टक' असा आवाज आला. ती पुन्हा टिचकी मारून ऐकत राहिली. समोर सगळा कारखाना बसलेला, पण काकीला त्याचं काही नव्हतं.

"आतली तार सुटलीय," ती म्हणाली. "गाना मोठा झाला का ती थरथरते. थरथरली का वरडते. वरडली का आनखी थरथरते. तिचा तिलाच थांबवता येत नाय. उद्या माज्याकडं आन."

सतीशने हात जोडले. ती पायऱ्या उतरता उतरता, कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "माज्या घरी एक हाय. ती वरडत नाय न बोलत पन नाय."

त्या वाक्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला.

इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली एक पट्टी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तारेचा आवाज तिथे विजेत उतरतो. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली, केसाहून बारीक अशी तांब्याची तार, हजारो वेढ्यांची. हे वेढे सैल पडले की स्पीकरच्या दणक्याने ते स्वतःच हलायला लागतात आणि किंचाळी सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे पिकअपला मेण पाजायचं. वितळलेलं मेण वेढ्यावेढ्यांत शिरतं, थंड होतं, आणि तार जागच्या जागी धरून ठेवतं. हे सगळं मी आज असं सांगतोय, पण त्या वेळी मला पिकअप म्हणजे पाव विकायला येणारा टेम्पो एवढंच माहीत होतं. काकीलाही गिटारीतलं फार माहीत होतं असं नाही. तिला तार माहीत होती.

ती किती माहीत होती म्हणता? आमच्या कारखान्यात टेलिफोनला आणि टेपरेकॉर्डरला लागणाऱ्या छोट्या कॉइल व्हायच्या. वेगवेगळ्या जाडीच्या तारेची रिळं स्टोअरमध्ये यायची आणि त्यांची लेबलं पावसाळ्यात गळून पडायची. मग रीळ काकीपुढे जायचं. ती तारेचं टोक दोन ओठांत धरून हळूच ओढायची, डोळे मिटायची आणि जाडी सांगायची. इन्स्पेक्शनवाले नंतर मोजायचे ते आपलं रीत म्हणून. एकदा ती चुकली. सगळ्या खात्यात चर्चा झाली. काकीने शांतपणे सांगितलं, "आज जवल्यात मिरची जास्त पडली हुती." दुपारनंतर तेच रीळ पुन्हा ओठातून ओढून तिने बरोबर जाडी सांगितली आणि विषय संपवला.

सतीशची गिटार तिने एका दुपारच्या सुट्टीत गप्प केली. पातेल्यात पाणी, पाण्यात लहान पातेलं, त्यात मेण. मेण उकळू द्यायचं नाही, नुसतं पातळ करायचं, त्यात पिकअप सोडायचा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत गप्प बसायचं. पुढच्या कार्यक्रमात गिटार एकदाही किंचाळली नाही. माझा विनोद कायमचा गेला. नवा सुचायला मला वर्ष लागलं.

ऑर्केस्ट्रावाल्यांच्या जगात बातमी फार लवकर पसरते आणि निम्मीच पसरते. 'मेण पाजलं की गिटार गप्प होते' एवढंच पनवेलपासून चेंबूरपर्यंत गेलं. ते कसं पाजायचं, किती पाजायचं, हे वाटेतच सांडलं. पोरांनी देव्हाऱ्यातल्या, क्रूसापुढच्या, लाइट गेल्यावर लावायच्या, मिळतील त्या मेणबत्त्या वितळवल्या आणि पिकअपवर ओतल्या. किंचाळी थांबली, खरं. पण पुढे कुणाला पिकअपची वायर बदलायची असायची, कुणाला आतलं चुंबक फिरवून आवाज खुला करायचा असायचा, आणि उघडून बघावं तर पिकअप दिसायचाच नाही. नुसता मेणाचा गोळा. त्यात स्क्रू कुठे, तारेचं टोक कुठे, देव जाणे. मग ते सगळे गोळे एकेक करून काकीकडे यायला लागले.

काकीचं मेण काढणं बघायला मी दुपारचा डबा तिच्या खात्यात नेऊन खायचो. आधी ती केसांतल्या पिना काढायची, कारण चुंबक त्या ओढतं, आणि खिडकीच्या गजाला अडकवून ठेवायची. मग कोरड्या तव्यावर मूठभर तांदूळ गरम करून ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायची. ती पुरचुंडी स्वतःच्या गालाला लावून बघायची. बाळाला शेकताना बायका बघतात, अगदी तशी. गालाला सोसली तरच पिकअपला. मेण घाम आल्यासारखं ओलसर झालं की दुसऱ्या मऊ फडक्याने ती ते टिपून घ्यायची. पुसायची नाही, टिपायची. फडकं मेण पिऊन घ्यायचं. मग परत शेक, परत टिपणं. कोपऱ्यातलं मेण उकरायला तिच्याकडे जाळं विणायची बांबूची सुई होती. लोखंडाचं हत्यार तिने पिकअपच्या आसपास कधी येऊ दिलं नाही.

हे सगळं इतकं हळू चालायचं की बघणाऱ्याला जांभई यावी. मला कधी आली नाही. तिची बोटं जाड होती, मासे साफ करून करून कडेला चिरलेली. ती बोटं त्या केसाएवढ्या तारेपाशी आली की त्यांचं वजनच नाहीसं व्हायचं. मी आयुष्यात मोठमोठे वादक जवळून पाहिले, स्टेजवर त्यांची ओळख करून दिली. पण हात बघून माझा श्वास अडकला तो तिथे, डब्यातली भाजी थंड होत असताना.

चेंबूरचा एक गिटारवाला आला होता. लांब केस, गॉगल, बोलण्यात दर दोन शब्दांना 'बॉस'. त्याचा त्याच संध्याकाळी शो होता आणि काकी अजून पहिला कोपराच टिपत बसली होती. त्याने खिशातून ब्लेड काढलं.

"काकी, टेन्शन नका घेऊ, मी पटकन खरवडतो."

ब्लेड मेणाला लागायच्या आत त्याच्या मनगटावर फटका बसला. वाइंडिंग खात्यातल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

"निवटी बघितलीस कवा खाडीतली?" काकीने विचारलं.

"काय?"

"निवटी. चिखलात राहते ती मासली. झडप घातली का हातात निस्ता चिखल येतो. ही तार तशी. घाई केलीस का गेली."

मग तिने ते वाक्य सांगितलं, जे मी तिच्याकडून नंतर कितीदा ऐकलं असेन. "हे बघ पोरा. वरचा मेन पाहुना, आतला मेन घरचा. पाहुन्याला चहापानी करून, गोड बोलून वाटंला लावायचा. घरच्याला हात लावायचा नाय. तो हाय म्हनून घर उभा हाय."

त्याचा शो दुसऱ्याच्या गिटारीवर झाला. आठवड्याने तो आपला पिकअप न्यायला आला, तेव्हा काकीसाठी केकचा डबा घेऊन आला होता.

आमच्या सतीशनेही एकदा ही विद्या परस्पर उचलायचा प्रयत्न केला. घरात तांदूळ निवडलेले नव्हते, म्हणून पठ्ठ्याने मिठाची पुरचुंडी केली. मिठाने शेक छान लागतो, हे आईचं ऐकलेलं. मेण सुरेख निघालं. आणि पावसाळा संपता संपता पिकअपच्या तारेवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं आणि आवाज गेला. काकीने तो पिकअप हातात घेऊन बघितला आणि कपाळाला हात लावला. "मीठ! तांब्याला मीठ! अरं, आमचा आख्खा गाव मिठानं खाल्लाय. खिडकीचा गज ठेवत नाय, कडी ठेवत नाय, तुजी तार ठेवील?" त्यानंतर तिने त्याला समोर बसवून तांदूळ कसे गरम करायचे इथपासून शिकवलं. सतीश तिचा शिष्य झाला तो तिथपासून.

एवढं सगळं करणाऱ्या काकीला गाणं मात्र अजिबात ऐकवत नसे. पिकअप बसवून झाला की ती नखाने टिचकी मारायची, 'टक' ऐकायची, मान हलवायची, आणि वादकाने पहिला सूर छेडायच्या आत पिना केसांत खोचून निघून गेलेली असायची. मी एकदा तिला अडवून विचारलं, "काकी, जरा थांबा ना. तुम्हीच बरी केलेली गिटार, ऐका तरी."

"मायकवाल्या," ती म्हणाली (मला ती याच नावाने हाक मारायची), "एक गिटार ऐकली ती ऐकली. आता मना खरखर तेवढी ऐकू येते. गानी तुमी ऐका."

ती एक गिटार तिच्या नवऱ्याची होती. धर्मा म्हात्रे. हे मला सतीशने सांगितलं, आणि सतीशला काकीच्या मुलीने, सुगंधाने.

धर्मा खाडीत होडी घेऊन जायचा. पण त्याचा जीव होता गिटारीवर. गोदीत एका खलाशाकडे त्याने ही गिटार पाहिली आणि टोपलीभर जिताडे देऊन ती घेतली. खलाशी जिताडे खाऊन निघून गेला आणि धर्मा गिटार घेऊन गावात आला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. वर्षभरात त्याच्या गिटारीशिवाय पंचक्रोशीत हळद होईना. नावड्यापासून लोक बोलवायला यायचे.

त्याचीही गिटार किंचाळायला लागली. तेव्हा चांगुना अजून कारखान्यात आलेली नव्हती, तारेची आणि तिची ओळख व्हायची होती. धर्माने त्याच्या अकलेने उपाय केला. कोळ्याला गळती एकाच रीतीने बंद करता येते. होडीच्या फळ्यांमधली फट बुजवायला राळ आणि तेल कढवून, त्यात कापूस भिजवून ठासतात. धर्माने राळेत थोडं मेण घातलं आणि पिकअप होडीसारखा बुजवून टाकला. गंमत म्हणजे किंचाळी थांबली. आणि आवाजही बदलला. दबका, थोडा घोगरा, छातीतून आल्यासारखा. गावातले लोक म्हणायचे, धर्माची गिटार आता धर्मासारखी बोलायला लागली. एका हंगामभर ती तशी वाजली. मग काविळीने धर्मा गेला. त्याचं वाजवणं कुणी टेप करून ठेवलेलं नव्हतं.

गिटार घरात खुंटीला लटकत राहिली. सुगंधा मोठी झाल्यावर तिने एकदा ती गावातल्या पोरांच्या ॲम्प्लिफायरला जोडून बघितली. आवाज नाही. खाडीची हवा आत शिरून पिकअपमधून बाहेर येणारी वायर कुठेतरी राळेच्या खालीच कुजली होती. दुरुस्त करायची तर तिथवर पोचायला हवं. आणि राळ म्हणजे मेण नव्हे. गालाला सोसेल एवढ्या तांदळाने ती हलत नाही. जास्त तापवावी तर आतलं प्लॅस्टिक वितळतं. खरवडावी तर ती तारेला घट्ट धरून बसलेली, निघताना तार घेऊन निघणार. एक वेढा तुटला की सगळं संपलं. नवी तार गुंडाळता येईल, पण मग ती धर्माची गिटार राहणार नाही.

म्हणून पनवेल ते चेंबूर सगळ्यांचे गोळे सोडवणारी ही बाई घरातल्या खुंटीकडे कधी हात करत नव्हती.

मग सुगंधाचं लग्न ठरलं. ती घणसोलीला द्यायची होती. सगळं सुरळीत चाललं होतं आणि एके दिवशी पोरगी आईसमोर बसली आणि म्हणाली, "बाबाची गिटार वाजली नाय तर मी हलदीला बसनार नाय."

काकीने आधी रागावून बघितलं, मग समजावून, मग न बोलून. पण हट्टही शेवटी तिच्याच घरातला. आठवडाभर वाइंडिंग खात्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. मग एका शनिवारी बसमध्ये ती माझ्या आणि सतीशच्या पुढच्या सीटवर बसली आणि मागे न बघता म्हणाली, "उद्या सकाली घरी या. तो स्पीकर न काय ते घेऊन या."

आम्ही गेलो. ओटीवर चटई टाकलेली होती, तिच्यावर गिटार. पहिल्यांदाच बघत होतो. लाल रंग उडालेला, एका बाजूला भिंतीचा चुना लागलेला. तारांखाली पिकअपच्या जागी काळपट पिवळा गोळा, त्यात कापसाचे तंतू अडकलेले. सतीशने खाली वाकून बघितलं आणि त्याच्या तोंडून "बाप रे" एवढंच निघालं.

काकीने पिना काढून खिडकीच्या गजाला लावल्या. तारा उतरवल्या, पिकअप सोडवून हातात घेतला. तांदूळ गरम करायला तिने सांगितलं नाही.

"राल तापवली का चिकट होते," ती म्हणाली. "होडीची जुनी राल काडताना माजा सासरा उन्हात काडायचा नाय. थंडीत पहाटं काडायचा. गारठली का ती काचंसारखी फुटते."

तिची सासू मासे विकायची. ओटीच्या कडेला तिची पाटी होती, बोंबील आणि बर्फ. काकीने पिकअप प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दोऱ्याने गच्च बांधलं आणि बर्फात, बोंबलांच्या मधोमध, पुरून ठेवला. आणि पाटीशेजारी बसून राहिली. म्हातारी सासूही दुसऱ्या बाजूला बसली. सुगंधा दारात उभी होती. चहा आला, निवला, कुणी घेतला नाही. मी गप्प बसलो होतो, यावरून काय ते समजा.

बऱ्याच वेळाने तिने पिशवी काढली, पुसली, सोडली. डाव्या तळहातावर पिकअप ठेवला आणि बांबूच्या सुईच्या बोथट टोकाने राळेच्या एका कोपऱ्यावर टिचकी मारली. काही नाही. जरा बाजूला, पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या वेळी बारीक कडकड झाली आणि नखाएवढा तुकडा सुटून चटईवर पडला. काकी थांबली. बोटाच्या पेराने तिथे चाचपलं. पुन्हा टिचकी. तुकडा निघाला की थांबायचं, चाचपायचं, मग पुढची. पिकअप हाताला कोमट लागायला लागला की परत बर्फात. कधी एका टिचकीत निघायचं, कधी कितीतरी वेळ ती नुसती सुई टेकवून बसायची, मारायचीच नाही. कशाची वाट बघायची ते तिलाच माहीत. तिच्या कपाळावर घाम होता आणि हात कोरडे होते.

एका जागी राळ संपली आणि खाली मेण लागलं. तिथे ती म्हणाली, "सुगंधे, तांदूल टाक तव्यावर." मग नेहमीसारखं गालाला लावणं, शेकणं, टिपणं. आणि त्या टिपलेल्या जागेत एक हिरवं पडलेलं टोक दिसलं. कुजलेली वायर. त्याच्यापुढे, मेणात नीट झोपलेली, तांबूस चमकणारी एक तार. अखंड.

सतीश म्हणाला, "आहे! काकी, आहे!"

"वरडू नको," काकी म्हणाली. पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता.

हिरवं टोक तिने कापलं, नवी वायर जोडली, कथलाचा डाग दिला. पिकअप गिटारीत बसवला, गिटार आमच्या स्पीकरला जोडली. आम्ही सगळे पुढे सरकलो. काकीने करंगळीच्या नखाने टिचकी मारली.

आवाज नाही.

तिने पुन्हा मारली. शांत. सुगंधाने पदर तोंडाला लावला. काकी त्या गिटारीकडे बघत राहिली, आणि मी या बाईला इतकी वर्षं ओळखत होतो, पण तिच्या चेहऱ्यावर भीती मी पहिल्यांदा बघितली. मग हळूहळू तिची नजर गिटारीवरून वायरीवर गेली, वायरीवरून ॲम्प्लिफायरवर, आणि ॲम्प्लिफायरवरून माझ्यावर.

"मायकवाल्या," ती म्हणाली, "बटन कोन तुजा बाप दाबनार?"

मी बटण दाबलं. दिवा लागला. काकीने टिचकी मारली आणि त्या ओटीवर 'टक' असा आवाज झाला. म्हातारी सासू हसायला लागली, मग सुगंधा, मग आम्ही सगळेच, आणि हसता हसता सतीशचे डोळे भरून आले. माझंही काही निराळं नव्हतं.

सतीश आता मेण काढण्यात तयार झाला होता, त्यामुळे त्याची नजर पिकअपवरच होती. एकाच कोपऱ्यातली राळ गेली होती. बाकी तिन्ही बाजूंनी धर्माने लिंपलेला गोळा तसाच होता, कापसासकट.

"काकी, आता हात बसलाय तर उरलेलं पण काढून टाकू," तो म्हणाला. "सगळं वरचंच आहे. फिनिश छान येईल."

काकी पिना केसांत खोचत होती. "र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "तो पाहुना नाय."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात माणूस मावत नव्हता. मी निवेदनाचा कागद खिशात घालून गेलो होतो, पण काकीने दारातच सांगितलं, "आज तू गप र्‍हा." गावातल्या म्हाताऱ्यांनी धर्माच्या चाली सतीशला आठवडाभर गुणगुणून शिकवल्या होत्या. सुगंधा पाटावर बसली, बायकांनी हळद लावायला घेतली आणि सतीशने पहिला सूर छेडला.

दबका, घोगरा, छातीतून आल्यासारखा. मी तो आवाज आधी कधीच ऐकलेला नव्हता, तरी मला तो लगेच ओळखू आला. कारण मांडवातली सगळी चाळिशीच्या पुढची माणसं एकदम बोलायची थांबली होती. पाटाशेजारी बसलेली म्हातारी आजी पुढे वाकली, नातीच्या गालाला हळद लावत म्हणाली, "आला गो तुजा बाबा."

मला वाटलं, काकी आता निघून गेली असेल. तिची रीतच होती ती. मी तिला शोधलं. ती मांडवाच्या कडेला, आमच्या मोठ्या स्पीकरपाशी, लोकांकडे पाठ करून उभी होती. लेकीची हळद कालवून आलेला ओला पिवळा हात तिने स्पीकरच्या लाकडी खोक्यावर पसरून ठेवला होता. डोकं जरासं वाकलेलं. दर सुराला ते खोकं थरथरत होतं आणि तिचा हात त्याच्यावर होता. एक चाल संपली, दुसरी सुरू झाली. बायका तिला बोलवायला आल्या आणि तिला तसं बघून परत गेल्या. माझ्या मनात चांगुनाकाकी अशीच राहिली आहे, पाठमोरी, शेवटपर्यंत थांबलेली.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर होती आणि कुणाला तरी सैल कॉइलवरून झापत होती. पुढे दोन-तीन वर्षांनी आमचा कारखाना बंद पडला, माणसं पांगली. ऑर्केस्ट्रा मात्र रडतखडत चालला. स्पीकर तोच होता आणि त्याच्या काळ्या खोक्यावर डाव्या बाजूला एक पिवळा पंजा होता, जाड बोटांचा, पाची बोटं स्पष्ट.

वाशीत एका सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम होता. मांडववाला माणूस सामान लावता लावता ओलं फडकं घेऊन स्पीकर पुसायला लागला. सतीश गिटार जुळवत होता. ती तशीच टाकून तो धावत आला आणि त्याने त्याचा हात धरला.

"ते राहू दे," सतीश म्हणाला. "तो पाहुणा नाही."